खानावळीचा नियम आणि गिऱ्हाइकाचा हक्क

आदरणीय ताई, सा. न. वि. वि.

राजेंद्र नगरात आमची खानावळ आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले, निवृत्त मंडळी आणि काही एकटी राहणारी माणसे महिन्याचे कार्ड करून आमच्याकडे जेवतात. २०२० च्या दिवाळीनंतर रुग्ण वाढू लागले आणि इंदुरात रात्रीची संचारबंदी लागली, तेव्हा मास्कशिवाय आत यायचे नाही, असा नियम आम्ही केला. पूर्वीपासून आमच्याकडे जेवणारे एक काका एके दिवशी तसेच आले. दम्यामुळे मास्कने जीव घुसमटतो, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मुलाने त्यांना सगळ्यांदेखत दारातून परत पाठवले. त्यांच्या कार्डावर अकरा जेवणे शिल्लक होती, पण ते पुन्हा आलेच नाहीत. अजूनही कुठे लग्नकार्यात भेटले, की ते चारचौघांत सांगतात की आम्ही त्यांच्या मूलभूत अधिकारावर गदा आणली, सुप्रीम कोर्टाने अशी सक्ती बेकायदा ठरवली आहे आणि ते ग्राहक मंचात जाणार आहेत. मुलगा म्हणतो, दुकान आपले, नियमही आपले. पुढची साथ येण्याआधीच मास्क, लसीचे प्रमाणपत्र आणि ताप-तपासणी यांची कायमची पाटी छापून घेऊ. यजमान म्हणतात, गिऱ्हाईक तोडून धंदा होत नाही. आमच्या पोळ्या करणाऱ्या मावशींनी लस घ्यायला नकार दिला होता, तेव्हा त्यांना आम्ही काही आठवडे बिनपगारी घरी बसवले होते. तेही मनाला लागून राहिले आहे. कोणाचे बरोबर?

– एक वाचक भगिनी, इंदूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि तिन्हींची उत्तरे एकसारखी नाहीत, म्हणून ती आधीच स्पष्ट सांगते. काकांना मास्कशिवाय आत बसू दिले नाही, हे योग्य झाले. त्यांना जेवण न देता परत पाठवले आणि त्यांच्या अकरा जेवणांचे पैसे आजवर तसेच राहू दिले, हे योग्य झाले नाही. मावशींना बिनपगारी घरी बसवले, त्याचे समर्थन मला करता येत नाही.

मुलाच्या म्हणण्यापासून सुरुवात करते. व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेले आहे, आणि आपल्या जागेत लोकांनी कोणत्या शिस्तीने वागावे हे ठरवणे हा त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. पादत्राणे बाहेर काढा, आत धूम्रपान करू नका, रात्री दहानंतर पान मिळणार नाही, असे नियम खानावळवाले पूर्वापार करत आले आहेत. साथीच्या दिवसांत तोंड झाकून या, एका वेळी ठरावीक माणसेच बसतील, हे नियम त्याच प्रकारचे आहेत. परंतु ‘प्रवेशाचा अधिकार राखून ठेवला आहे’ ही जी पाटी हॉटेलांच्या दारावर दिसते, तिला अमर्याद कायदेशीर बळ नाही. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून तेथे कोणत्याही नागरिकाला मज्जाव करता येत नाही. मूलभूत अधिकार बहुतांशी सरकारविरुद्ध मागायचे असतात, पण हा अधिकार खाजगी दुकानदारालाही थेट बांधतो.

साथीच्या काळात या खंडाची आठवण अधिकच ठेवावी लागते, कारण भीती पसरली की जुने भेद स्वच्छतेचे नाव घेऊन परत येतात. मार्च २०२० मध्ये ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना केवळ चेहरेपट्टीवरून दुकानांत शिरू न दिल्याच्या घटना घडल्या आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला त्याबाबत राज्यांना लिहावे लागले. पुढच्या आठवड्यांत अमुक धर्माच्या फेरीवाल्याकडून भाजी घेऊ नका, असे निरोप लोक एकमेकांना बिनदिक्कत धाडत होते. तुमच्या मुलाने यातले काही केले, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याची अट सर्वांना सारखी होती आणि म्हणूनच ती टिकते. पण ‘दुकान आपले, नियमही आपले’ हे तत्त्व एकदा बिनशर्त मान्य केले, की असल्या मज्जावालाही त्याच तत्त्वाचा आधार मिळतो, म्हणून मी ते मान्य करत नाही. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने असे सांगितले आहे, की १९ आणि २१ या अनुच्छेदांखालील अधिकार सरकारखेरीज इतर व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. त्याचा परिणाम खानावळीच्या उंबरठ्यापर्यंत किती पोचेल हे पुढच्या खटल्यांतून ठरत जाईल, तरीही ‘आम्ही खाजगी, आम्हाला घटनेशी काय देणेघेणे’ असे आता कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

आता काकांचे म्हणणे. ते ज्या निकालाचा हवाला देतात तो जेकब पुलियल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणातला, २ मे २०२२ रोजीचा आहे. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने त्यात सांगितले, की स्वतःच्या शरीरावरचा अधिकार २१ व्या अनुच्छेदात सामावलेला आहे आणि कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. येथपर्यंत काका बरोबर आहेत. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले आहे, की सार्वजनिक आरोग्यासाठी व्यक्तीच्या अधिकारांवर काही मर्यादा घालता येतात. त्या मर्यादांना कायद्याचा आधार हवा, त्यांमागे रास्त उद्देश हवा आणि त्या धोक्याच्या प्रमाणात हव्यात. ही कसोटी २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातून, म्हणजे खाजगीपणाच्या अधिकाराच्या निकालातून आलेली आहे. लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध त्या वेळी प्रमाणाबाहेर आहेत असे न्यायालयाला वाटले, कारण लस न घेतलेल्या माणसाकडून घेतलेल्यापेक्षा अधिक संसर्ग पसरतो हे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे आणली नव्हती आणि रुग्णांची संख्याही उतरलेली होती. म्हणून असे निर्बंध अजून मागे घेतले नसतील तर त्यांचा फेरविचार व्हावा, असे न्यायालयाने सुचवले, आणि त्या सूचनेत खाजगी संस्थांचाही उल्लेख केला. हा भाग तुमच्या मुलाने नीट वाचावा. काकांनी वाचायचा भाग असा, की साथीच्या काळातील इतर वर्तणुकीच्या नियमांना, म्हणजे मास्कसारख्या गोष्टींना, हा निकाल लागू नाही, असे न्यायालयाने स्पष्ट नमूद केले आहे.

शिवाय हा निकाल येण्याच्या दीड वर्ष आधी तुमच्या दाराशी जे घडले त्यात तुमचा स्वतःचा असा नियम फारसा नव्हताच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी उपाहारगृहांसाठी कार्यपद्धती ठरवून दिली होती. दाराशी ताप पाहावा, लक्षणे नसलेल्यांनाच आत घ्यावे, आत असेपर्यंत तोंड झाकलेले असावे आणि निम्म्याहून अधिक जागा भरू नयेत, असे तीत होते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आणि जिल्हा प्रशासनाचे आदेश त्यामागे उभे होते. काकांना तसेच बसवले असते तर दंडाला तुम्हीच पात्र ठरला असता. यापुढे कोणी मूलभूत अधिकाराचा प्रश्न काढला, तर नियम कोणी केला होता आणि कोणाला पाळायला लावला होता, एवढे शांतपणे सांगा.

या साऱ्या वादात एका माणसाचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, काकांच्या बोलण्यात नाही आणि मुलाच्या पाटीतही नाही, याचे मला वाईट वाटले. तो म्हणजे वाढपी. खानावळीत जेवायला येणारा माणूस वीस-पंचवीस मिनिटे बसतो आणि उठून जातो. वाढपी मात्र दुपारच्या पंगतीपासून रात्रीचे शेवटचे पान उठेपर्यंत तिथेच असतो. एका हातात आमटीचे भांडे आणि दुसऱ्या हातात पळी घेऊन तो प्रत्येक ताटावर ओणवतो, आणि ‘थोडी अजून’, ‘बस, बस’ हे प्रत्येक गिऱ्हाईक मास्क काढलेल्या तोंडाने त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावरून बोलते. काकांना दुसरी खानावळ शोधता आली असती किंवा घरी खिचडी टाकता आली असती. वाढप्याला पाठ फिरवून जाता येत नव्हते, कारण त्याचा पगार त्या ताटांवर अवलंबून होता. व्यक्तीचा अधिकार असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा ही व्यक्तीही मोजली पाहिजे, आणि ज्याला धोक्यापासून दूर जाण्याची मोकळीक सर्वांत कमी आहे त्याचा अधिकार आधी मोजला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मालकाला नियम करण्याचा अधिकार असतो तो मुख्यतः याच कारणाने: त्याच्या छपराखाली काम करणाऱ्यांची जबाबदारी त्याच्यावर असते. तुमच्या मुलाने आपल्या नियमामागे हे कारण सांगितले असते, तर कदाचित काकांनाही ते पटले असते.

पण इथेच त्या अकरा जेवणांचा प्रश्न येतो, आणि तुम्ही पत्रात तो जाता जाता, एका वाक्यात लिहिला आहे. मला तोच या प्रकरणाचा गाभा वाटतो. आत बसण्याचा हक्क आणि पैसे भरून ठरवलेले जेवण मिळण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला हक्क साथीच्या काळात मागे घेता येतो, कारण बसण्यातून धोका उत्पन्न होतो. दुसरा हक्क तसा मागे घेता येत नाही, कारण डबा भरून दारात आणून देण्यात फारसा धोका नव्हता. मी वर ज्या सरकारी कार्यपद्धतीचा उल्लेख केला, तिच्यातच बसून जेवण्यापेक्षा बांधून नेण्याला प्रोत्साहन द्यावे असे लिहिलेले होते, आणि ६५ वर्षांवरील माणसांनी शक्यतो घरीच थांबावे असेही होते. तेव्हा नियमाला कुठेही धक्का न लावता काकांना ‘ओट्यावर बसा, डबा भरून आणतो, उद्यापासून घरी पोचवतो’ असे म्हणता आले असते. पैसे घेऊन ठेवलेले, नियम बदललेला, आणि बदललेल्या नियमात गिऱ्हाइकाला सामावून घेण्याची कोणतीच सोय केलेली नाही, याला ग्राहक कायदा सेवेतील त्रुटी म्हणू शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एकट्या राहणाऱ्या, दम्याच्या माणसाला त्या दिवसांत जेवणाशिवाय परत पाठवणे हे चुकीचेच होते.

दम्याबद्दलही थोडे लिहिते. दमा आटोक्यात असलेली बरीच माणसे मास्क वापरू शकतात. काहींना खरोखरच गुदमरल्यासारखे होते. काकांचे कोणत्या प्रकारचे होते हे दारात उभ्या असलेल्या तुमच्या मुलाला कळणे शक्य नव्हते आणि कळून घेण्याची गरजही नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये प्रत्येकाच्या अडचणीप्रमाणे वाजवी सोय करून देण्याची कल्पना आहे. श्वसनाचा प्रत्येक विकार त्या कायद्यात बसतो असे नाही, पण ती कल्पना कोणत्याही खानावळीला उचलण्यासारखी आहे: आजाराचा पुरावा मागत बसण्यापेक्षा, ज्याला नियम पाळणे जमत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट उघडी ठेवावी. दाराशी चारचौघांत ‘डॉक्टरची चिठ्ठी दाखवा’ असे म्हणणे म्हणजे माणसाचा आजार रस्त्यावर मांडणे होय. काकांचा आजवरचा राग मास्कपेक्षा त्या ‘सगळ्यांदेखत’बद्दल आहे, अशी माझी समजूत आहे.

ग्राहक आयोगाच्या धमकीची भीती तुम्ही बाळगू नका. तक्रारीला ग्राहक संरक्षण कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे. महामारीमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला होता. तो वगळूनही ही मुदत २०२४ च्या सुरुवातीला संपली. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला असतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. मुदत संपली म्हणून पैसे तुमचे झाले, असा अर्थ मात्र काढू नका. अकरा जेवणांचे पैसे आजच्या दराने पाकिटात घालून मुलालाच काकांच्या घरी पाठवा. फोनवरून पैसे टाकून मोकळे होऊ नका. त्याने तिथे नियमाबद्दल माफी मागायची गरज नाही. चारचौघांत ज्या स्वरात तो बोलला आणि जेवण न देता पाठवले, त्याबद्दल मागावी. यजमान गिऱ्हाईक टिकवण्याचे म्हणतात, त्यांना सांगा की काका पुन्हा येतील की नाही याचा हिशेब या भेटीत धरायचा नाही.

आता पाटीविषयी. मुलाची आधीच तयारी ठेवण्याची वृत्ती मला आवडली, तरीही पाटी आज छापू नका. पुढची साथ कोणत्या वाटेने पसरेल हे पाहिल्याशिवाय कोणता नियम उपयोगाचा ते ठरवता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस (गुलियन-बॅरी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्याकडे वळला. तिथे खानावळवाल्याने गिऱ्हाइकांना मास्क लावायला सांगून काही साधले नसते, पाणी उकळणे आणि स्वयंपाकघरातले हात धुणे हेच कामाचे होते. कॉलरा आणि काविळीलाही हेच लागू आहे. कोविड हवेतून पसरत होता, आणि खानावळीत तर जेवताना मास्क उतरवावाच लागतो, त्यामुळे दारातल्या मास्कपेक्षा उघड्या खिडक्या, चालू असलेला एक्झॉस्ट पंखा, दूर दूर मांडलेली टेबले आणि बांधून नेण्याची सोय यांचाच उपयोग अधिक होता. कपाळावर धरलेल्या तापमापकाने लक्षणे नसलेला रुग्ण ओळखता येत नव्हता. तरीही आपण सर्वांनी कपाळे पुढे केली, बुटांवर औषध मारून घेतले आणि नियम पाळल्याचे समाधान मानले. ज्या अटीने धोका खरोखर कमी होतो तेवढीच अट घालावी. दिसायला कडक आणि परिणामाने पोकळ अशा अटींनी लोकांचा चांगल्या अटींवरचाही विश्वास उडतो. पुट्टस्वामी निकालातील प्रमाणाची कसोटी सरकारसाठी आहे हे खरे, पण तुमच्या गल्ल्यामागे बसूनही ती लावता येते: हा नियम नेमके काय अडवतो, यापेक्षा सौम्य उपायाने तेच साधेल का, आणि ज्याला तो जमत नाही त्याचे काय?

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. त्या दिवसांत बहुतेक खानावळींत गल्ल्यावर एक वही असे, सुतळीने पेन बांधलेले, आणि येणाऱ्याने तिच्यात नाव, मोबाईल क्रमांक आणि पत्ता लिहायचा. ती वही दिवसभर उघडी पडलेली असे. मागून येणाऱ्या कोणालाही वरच्या ओळीतल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचा क्रमांक आणि पत्ता सहज वाचता येई, आणि साथ ओसरल्यावर त्या वह्या रद्दीत गेल्या. संसर्ग कोणाकोणाला झाला असेल हे शोधण्यासाठी नोंद हवी हे मान्य. मग ती तुम्ही स्वतः लिहून घ्या, वही खणात ठेवा आणि ठरावीक दिवसांनी फाडून टाका. लसीचे प्रमाणपत्र पाहण्याची वेळ आलीच तर पाहून परत करा, त्याचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवू नका. एचआयव्ही आणि एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे आणि दुकाने-उपाहारगृहांतही त्याच्याशी भेदभाव न करणे ही बंधने घातली, ती दीर्घ आणि कटू अनुभवानंतर. प्रत्येक नव्या आजाराच्या वेळी तो अनुभव नव्याने घेण्याची गरज नाही.

गिऱ्हाइकांसाठी लसीच्या प्रमाणपत्राची अट मात्र पाटीवरून वगळा. सरकारचा तसा स्पष्ट आदेश असेल तर तो पाळावा लागेल. आपण होऊन ती अट घालू नका. २०२१ च्या जूनमध्ये मेघालयात दुकानदार, फेरीवाले आणि टॅक्सीचालक यांना लस घेतल्याशिवाय धंदा करता येणार नाही असे आदेश निघाले होते, तेव्हा तेथील उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत अधिकारांच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. पण न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही: कामगारांनी लस घेतली आहे की नाही हे दुकानाबाहेर ठळकपणे लावा, म्हणजे आत यायचे की नाही ते गिऱ्हाईक स्वतः ठरवील, असा मार्ग त्याने काढला. कामगाराकडे बोट दाखवले जाण्याचा धोका त्यात आहे, हे मला जाणवते. तरीही न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या माणसांचा विचार केला, आणि पोट व शरीर यांपैकी एक निवडण्याची वेळ कोणावर आणली नाही.

तुम्ही मावशींवर नेमकी तीच वेळ आणली. तुमची काळजी खोटी नव्हती; त्यांच्या हातच्या पोळ्या कितीतरी लोकांच्या ताटात जात होत्या. पण बिनपगारी घरी बसवणे ही दंडाची भाषा झाली, आणि तो दंड खानावळीतल्या सर्वांत कमी मिळकतीच्या माणसाला झाला. त्यांनी नकार का दिला हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि कदाचित कोणी विचारलेच नसावे. दोन-तीन घरची कामे करणाऱ्या बाईला लसीपेक्षा लसीनंतरच्या तापाची धास्ती अधिक असे, कारण दोन दिवस उठता आले नाही तर त्या दोन दिवसांचे पैसे सगळीकडचे बुडत. ‘दोन दिवस सुटी घ्या, पगार कापणार नाही, दवाखान्यात मी सोबत येते’ असे मालकिणीने म्हटले असते तर किती जणींनी लस घेतली असती, याचा विचार आपण मालक मंडळींनी करायला हवा. तरीही त्या नाहीच म्हणाल्या असत्या, तर खिडकीपाशी वेगळ्या ओट्यावर पोळ्या लाटणे, कामाच्या वेळा बदलणे, मास्क आणि हातमोजे असे उपाय होते. त्या आठवड्यांचा पगार आता त्यांना द्या. उशीर झाला असला तरी त्या अजून तुमच्याकडे आहेत, आणि मनाला लागून राहिलेली गोष्ट मिटवण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

नियम लोकांच्या गळी कसा उतरवावा याबाबत आपल्या शहराच्याच इतिहासातली एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १९१७ च्या सुमारास इंदुरात प्लेगचा उपद्रव होता आणि नगररचनेसाठी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस यांना बोलावले होते. वीस वर्षांपूर्वी पुण्यात रँडच्या अंमलात सैनिक घराघरांत घुसले होते आणि त्यातून काय उद्भवले ते सर्वांना माहीत होते. गेडिस यांनी दिवाळीची मोठी मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले, की ज्या भागातली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्या भागातून ती जाईल. घरोघरचा केरकचरा गाड्या भरभरून बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि शहराचे सफाई कामगार स्वच्छ पोशाखात, हार घालून, रंगवलेल्या गाड्यांसह चालत होते. ज्यांच्याकडे एरवी कोणी पाहत नसे त्यांना त्या दिवशी मान मिळाला, आणि नियमाचे पालन लोकांना भूषण वाटले. तुमच्या खानावळीत मिरवणूक काढता येणार नाही, पण नियम सांगताना वाढप्याला आणि मावशींना पुढे उभे करून ‘यांच्यासाठी हे करा’ असे म्हणता येईल.

वेळ आली, की तेव्हाच्या आजाराप्रमाणे आणि प्रशासनाच्या आदेशाप्रमाणे कागदावर मजकूर लिहा. त्यात कारण एका वाक्यात असावे. कोणती अट सरकारची आहे आणि कोणती तुमची, हे वेगळे लिहावे. अट ज्याला पाळता येणार नाही त्याने गल्ल्यावर हळूच सांगावे, त्याला डबा मिळेल, कार्डधारकाला घरपोच मिळेल, आणि ज्याला तेही नको असेल त्याला उरलेल्या जेवणांचे पैसे परत मिळतील, हे ठळक अक्षरांत असावे. मजकूर मराठीबरोबर हिंदीतही लावा, कारण तुमच्याकडे जेवणारी सगळी मुले मराठी नसतील. खाली तारीख घाला आणि पंधरा दिवसांनी फेरविचार करू असे लिहा. धोका उतरल्यावरही भिंतीवर राहिलेल्या अटीलाच पुलियल निकालात आक्षेप घेतला गेला होता. लावण्यापूर्वी तो कागद वाढप्यांना आणि मावशींना वाचून दाखवा. कोणती अट प्रत्यक्ष पंगतीत पाळता येणार नाही हे त्यांना तुमच्या-माझ्याआधी कळते, आणि ती पाटीवर जाण्यापूर्वीच गाळता येईल.